शिवरात्रीचा सामना

लातूर, २२ मार्च २०१९

चि. शिल्पा हिस,

तू फोन घेत नाहीस. सात वेळा लावला, आठव्यांदा लावणार नाही. म्हणून पत्र. न वाचता फाडायचं म्हटलं तरी पत्र एकदा हातात घ्यावं लागतं. नांदेडचा पत्ता महेबूबने ग्यानोबाकडून घेतला. माझा भाऊ आणि तुझा भाऊ अजून एकमेकांशी बोलतात, तेवढं बरं आहे.

तुझ्या लेकीची, कैवल्याची खबर मला तुकड्यातुकड्यांनी मिळते. हैदराबादेत अकरा दिवस काढले आणि आता नांदेडला एक दिवसाआड डायलिसिस. किडन्या बंद पडल्या आहेत, पण निकामी झाल्यात असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, असं ग्यानोबा म्हणाला. पंधराव्या वर्षी शरीरात भरून काढायची ताकद असते. पस्तीस वर्षं मी मुलींची शरीरं पाहिली आहेत. धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही.

काही गोष्टी तुला माझ्याकडून कळलेल्या बऱ्या. संस्थेचा अहवाल झाला. त्यातला मुख्य भाग उतरवून देते :

"दि. ४ मार्च, महाशिवरात्र. मुलींच्या हिवाळी खो-खो शिबिराचा समारोपाचा सामना. दुपारी १२.४० वाजता इयत्ता नववीची विद्यार्थिनी पळतीवर असताना कोसळली व तिची शुद्ध हरपली. रुग्णालयात नेले असता ताप १०६. विद्यार्थिनीने घरच्या प्रथेनुसार निर्जळी उपवास केला होता व ही बाब प्रशिक्षकांना सांगण्यात आली नव्हती."

खाली तीन सह्या आहेत. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव, आणि मानद प्रशिक्षक म्हणून माझी.

घरून ती काय खाऊन निघाली हे तुला माहीत. मैदानावर काय झालं ते मला माहीत. अहवाल दोन्ही बाजू पाहून लिहितात. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

पायांना रोज सकाळ-संध्याकाळ हलका व्यायाम दे. घोटा गोल फिरवायचा, दहा डावीकडे, दहा उजवीकडे. पडून राहिलं की पोटऱ्या आधी जातात.

वहिदा मॅडम


लातूर, ९ एप्रिल २०१९

शिल्पा,

उत्तर नाही. तशी मला अपेक्षा नव्हती.

परवा भागवत आला होता. तुझा नवरा माझ्या घरी पहिल्यांदाच आला. खुर्ची दिली तर बसला नाही. हातात अहवालाची झेरॉक्स होती, घड्या पडून पडून मधोमध फाटलेली. जूनमध्ये कैवल्याला लातूरला आणणार म्हणाला. इथेही डायलिसिस होतं, घर मोठं आहे, आजी आहे. तू मात्र तिथेच राहायचंस. तुझ्या सासूबाईंनी, चतुराबाईंनी भावकीसमोर सांगून टाकलं म्हणे, की उपाशी पोरगी उन्हात धाडणारी माय तिच्या उशाला नको.

मग त्याने मला विचारलं, "मॅडम, खरंच निर्जळी होती का ती?"

मी म्हणाले, अहवालात लिहिलं आहे ते लिहिलं आहे.

तो गेला. जाताना दार ओढून घेतलं नाही, ऊन आत आलं. बाहेर एक्केचाळीस होतं.

तो मुळात खेळाच्या विरुद्धच होता, हे मला माहीत आहे. नववीपासून फाउंडेशनचा क्लास, मग दोन वर्षं नीटच्या परीक्षेची तयारी, एवढंच त्याच्या डोक्यात. तूच अडून बसलीस की पोरगी मैदानावर जाणार. तडजोड म्हणून सकाळी सहा ते अकरा क्लास आणि मग मैदान. सगळ्याच मुलींचं तसं झालं. आमची पहाट क्लासवाल्यांनी घेतली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन कोवळं असतं, असं मीच पालकसभेत उभं राहून सांगितलं. तू दुसऱ्या रांगेत होतीस.

कोवळं होतं तेव्हा होतं. शिबिर सुरू झालं तो हिवाळा तुला आठवत असेल. भूकंपाला चार महिने झाले होते. शाळेने आम्हा शिक्षकांना औशाकडे पत्र्याच्या शेडमध्ये पाठवलं आणि मी तिथून अकरा मुली लातूरच्या वसतिगृहात आणल्या. तू बारा वर्षांची. वसतिगृहाला स्लॅब होता. तुमच्यातली एकही त्याखाली झोपेना. अकराच्या अकरा मैदानावर, वाटपात आलेल्या घोंगड्या घेऊन. पहाटे पाचला दात वाजायचे. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया होईल, आत घ्या. आत घ्यायचं कसं? म्हणून मी तुम्हाला पळवायला लागले. अंग तापेपर्यंत पळायचं, मग खो-खो, मग अंघोळ. कंधारला माझ्या लहानपणी आम्ही शेकोटीभोवती असेच पळायचो, त्यावरून सुचलं. एवढीच या शिबिराची कथा. सव्वीस वर्षांत लोकांनी तिला फुलं लावली.

समारोप शिवरात्रीला, कारण त्या दिवशी थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. थंडी गेली, शिबिर संपलं. आणि शेवटचा सामना संपल्याची शिट्टी होईपर्यंत पाणी नाही, हा नियम. तो मला नांदेडला कॉलेजात असताना आमच्या सरांनी घालून दिला होता. पळताना पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो आणि मन मऊ पडतं, असं ते म्हणत. तुमच्या वेळी पाणी टँकरचंच होतं, त्यामुळे कोणी कुरकुरलं नाही. पहिली शिवरात्र रमजानमध्ये आली. मला रोजा होता. मी तुम्हाला म्हणाले, मी सूर्य मावळेपर्यंत पीत नाही, तुम्हाला दोन तास होत नाही? तुम्ही अंगात स्वेटर घालून पळत होतात, शिल्पा. दुपारी बारा वाजता, मार्च महिन्यात. सामना संपल्यावर तुम्ही माठाकडे धावला नाहीत, चहाकडे धावलात.

मैदानाच्या कोपऱ्यावर नेपाळी स्वेटरवाले बसायचे. दिवाळी झाली की येत आणि शिवरात्र झाली की गाठोडी बांधत. आमच्या शिबिराचं आणि त्यांचं वेळापत्रक एकच. यंदा ते वीस दिवस बसले आणि गेले. जाताना त्यांच्यातला म्हातारा मला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी टोप्या घेऊन येतो, उन्हाच्या." मी हसले होते.

मुली मागे काहीबाही बोलतात. कैवल्या दोनदा मधे आली होती वगैरे. मुलींच्या बोलण्यावर तू जाऊ नकोस.

वहिदा मॅडम


लातूर, ३० एप्रिल २०१९

शिल्पा,

शनिवारी मी आले ते तुला आवडलं नाही. मलाही आवडलं नाही. पण आले.

सकाळच्या बसने निघाले. चाकूर सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काही हललेलं दिसलं नाही. नांदेडला उतरले तेव्हा हाताला खिडकीच्या दांड्याचा चटका बसून पट्टा उठला होता. तुझ्या वॉर्डच्या जिन्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "खो-खोच्या मॅडम नं तुमी? पोरगी लई नाव घेती तुमचं." ती ग्यानोबाची बायको नागम्मा. मला वाटलं ती टोमणा मारते आहे. तसं नव्हतं. तिने मला वर पोचवलं आणि तू खालून औषधं आणायला गेलीस असं सांगून स्वतः डबा धुवायला गेली.

कैवल्या एकटी होती. मी तिला ओळखलं नाही. तोंड सुजलेलं, ओठ सोललेले, आणि हात मात्र काड्या. केस कोणीतरी दोन वेण्या घालून बांधले होते, लाल रिबिनी. तू घातल्या असशील. तुझ्या आईचं नाव तू तिला ठेवलंस, केवळाबाईचं कैवल्या केलंस, तेव्हा बारशाला मी आले होते. तेव्हाही ती अशीच सुजलेली होती.

ती मला म्हणाली, "मॅडम, मला हात लागला होता का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं की ती सामन्याचं विचारते आहे.

"नाही," मी म्हणाले.

"मग मी नाबाद?"

"नाबाद. साडेचार मिनिटं."

तिला बरं वाटलं. साडेचार मिनिटं तुमच्या वेळी तूही काढली नव्हतीस. हे मी तिला सांगितलं नाही.

नंतर ती आणखी थोडं बोलली. मी उत्तर दिलं. मग तू आलीस.

तू मला बस म्हणाली नाहीस, ते ठीक. तू एकच वाक्य बोललीस. "मॅडम, तिनं तुमच्यासमोर खिचडी खाल्ल्याली तिला आठवती. तुमाला आठवत न्हाई?"

मी म्हणाले, साडेचारची बस आहे.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरने इंजिनवर ओलं पोतं टाकलं होतं. मी पूर्ण रस्ता त्या पोत्याकडे बघत बसले. लोहा येईपर्यंत ते वाळलं.

आल्यावर मला बरं नव्हतं. दोन दिवस महेबूबने दुकान लवकर बंद केलं. पूर्वी आमचे अब्बा कंधारला कुराणाच्या, पोथ्यांच्या जिल्दी बांधायचे. महेबूब क्लासच्या नोट्सना स्पायरल मारतो. माझ्या उशाशी बसून तो त्याच नोट्सची पानं लावत होता. म्हणाला, "आपा, तुमच्या शिट्टीनं स्टँडवरची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहायची. आता तुम्हीच अशा का पडून राहिल्या?" मी त्याला पानांचे आकडे नीट बघ म्हणून सांगितलं.

वहिदा


लातूर, १९ मे २०१९

शिल्पा,

हे पत्र नीट वाच. आधीची तीन टाकून दिलीस तरी चालेल.

रमजान सुरू आहे. रोज बेचाळीस-त्रेचाळीस. मी चौसष्ट वर्षांची आहे आणि डॉक्टरांनी यंदा रोजे धरू नका म्हणून बजावलं होतं. मी धरले. पाचव्या रोज्याला पावणेबारा वाजता मी शाळेच्या मैदानावर गेले. जायचं कारण काही नव्हतं. चौकीदाराने फाटक उघडलं. खांबापासून खांबापर्यंत चालले, पळाले नाही, फक्त चालले. चार फेऱ्या झाल्यावर मला समोरचा खांब दिसेना. चौकीदाराने हाताला धरून लिंबाखाली बसवलं आणि विचारलं, "पानी देऊ का मॅडम?" मी नको म्हणाले. रोजा होता. पण मला कळलं, की नको म्हणायला मी मोकळी होते. बाकी काही नवीन कळलं नाही. जे कळायचं ते मला चार मार्चलाच माहीत होतं.

आता क्रमाने लिहिते.

शिवरात्रीची सुट्टी असून क्लासने सकाळी परीक्षा ठेवली होती. कैवल्या तिथून सव्वाअकराला आली. तिने माझ्याशेजारी पायरीवर बसून डबा उघडला. शाबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली दोन रताळी. सगळी खिचडी खाल्ली. एक रताळं मोडून अर्धं मला दिलं आणि मी ते खाल्लं. म्हणजे ती उपाशी नव्हती आणि निर्जळीही नव्हती. हे मला अहवालाच्या आधी माहीत होतं, सही करताना माहीत होतं, भागवत माझ्या दारात उभा होता तेव्हाही माहीत होतं.

साडेअकराला पहिला सामना. तिचा संघ जिंकला, म्हणून लगेच दुसरा. पेपरात त्या दिवशीचं सदतीस छापलं होतं, ते मी नंतर पाहिलं. त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. शिवरात्र म्हणजे थंडीचा शेवट, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की घाम माझ्याही पाठीवरून वाहत होता आणि मी त्याला थंडीच म्हणत होते.

पहिल्या सामन्यानंतर ती आली. "मॅडम, एक घोट."

मी म्हणाले, "शिट्टीनंतर."

माठ दहा पावलांवर लिंबाखाली होता. झाकणावर मी स्वतः वीट ठेवली होती, नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या सामन्याच्या मधल्या वेळेत ती पुन्हा आली. चेहरा लाल नव्हता, पांढरा होता. घाम थांबला होता. घाम थांबला की मुलीला सावलीत घ्यायचं, हे मी बी.पी.एड.च्या पेपरात लिहून गुण मिळवले आहेत. ती म्हणाली, "मॅडम, डोकं भणभणायलंय." मी तिला म्हणाले, "तुझी आई भूकंपाच्या वर्षी याच मैदानावर अनवाणी पळाली. पाण्याचं नाव काढलं नाही. तू तिचीच आहेस ना?"

ती गेली आणि उभी राहिली. साडेचार मिनिटं पळाली.

तिसऱ्यांदा आली असती तर मी दिलं असतं, असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगत होते. दिलं नसतं.

ती पडली तेव्हा मुली धावल्या. मी म्हणाले, कोणी हात लावू नका, उठेल. दोन मिनिटं, कदाचित तीन. एरवी सेकंद मोजणारी मी, तेव्हा घड्याळ पाहिलं नाही.

अहवाल सचिवांनी आधीच टाइप करून आणला होता. मला म्हणाले, "मॅडम, पाण्याचं लिहिलं तर सव्वीस वर्षांचं शिबिर तुमच्या नावासकट जातं. उपासाचं लिहिलं तर कुणाचंच काही जात नाही." मी चष्मा लावून पूर्ण वाचला. शुद्धलेखनाची एक चूक दाखवून दिली. मग सही केली. कुणाचंच काही जात नाही यात तू कुणीच नव्हतीस, हे मला वाचताना दिसलं होतं.

आणखी एक. नांदेडला कैवल्या मला जे बोलली आणि मी तुला लिहिलं नाही, ते हे. तिने पाणी मागितलं. तिच्या उशाशी भिंतीवर कागद होता : पाणी दिवसाला पाचशे मिली, सगळं मिळून. मी तो वाचला. मी म्हणाले, आईला विचारून. ती म्हणाली, "तुमी शिट्टीनंतर देते म्हणला होता." तिने रागाने म्हटलं नाही. आठवण करून दिली. मी पेला भरून दिला. पूर्ण. ती तो दोन्ही हातांनी धरून प्यायली, आणि मी पेला पुसून जागेवर ठेवला, जसा होता तसा.

दुसऱ्या दिवशी तिचं वजन वाढलेलं निघालं आणि तिला रात्रभर दम लागला, हे मला ग्यानोबाच्या फोनवरून कळलं. तू नागम्माला बोललीस, तिनेच चोरून पाणी दिलं म्हणून, आणि नागम्मा मुलं घेऊन बिलोलीला माहेरी निघून गेली, हेही कळलं. त्याला वीस दिवस झाले. वीस दिवस मी गप्प आहे. म्हणजे तुझ्या बाबतीत जे केलं तेच पुन्हा नागम्माच्या बाबतीत केलं. एकदा नियम पाळून आणि एकदा मोडून, दोन्ही वेळा तुझ्या मुलीच्या जिवाशी.

तिच्या पाण्याचा हिशोब लिहितेस त्या वहीत २७ एप्रिलच्या रकान्यात दोनशे मिली वाढव. नागम्माला परत बोलाव. माझं नाव सांग.

मी चार मार्चचा जबाब लिहून काढला आहे. एक प्रत सचिवांना दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले की पोलीस केस होऊ शकते. मी म्हणाले, होऊ दे. एक प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात पोचवली, एक पोलीस ठाण्यात. पोलीस ठाण्यात तासभर बाकावर बसवलं. हवालदार माझ्या शाळेतल्या एका मुलीचा नवरा निघाला. चहा मागवला त्याने. मी रोजा आहे म्हटल्यावर ओशाळला.

भागवतला उद्या नेऊन देते.

वहिदा


लातूर, १४ जून २०१९

शिल्पा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी आहेत. कैवल्याची लघवी सुरू झाली, दिवसाला सातशे मिली. डायलिसिस आठवड्याला एकच, पुढच्या महिन्यात तेही थांबवून बघतील. जबाबाची प्रत मिळाली. यापुढे पत्र पाठवू नका.

हे पत्र त्या कार्डाची पोच समज. शिवाय भागवतच्या घरी काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, तो सांगताना स्वतःचं कमी करून सांगेल.

मी गेले तेव्हा चतुराबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. भागवतचे दोन चुलते होते. मी उभ्याने जबाब पूर्ण वाचून दाखवला, अडीच पानं. रताळ्यापर्यंत आले तेव्हा भागवत उठून आत गेला, तो मी संपवेपर्यंत बाहेर आला नाही. चुलत्यांपैकी एक म्हणाला की मॅडमचं वय झालं, घोटाळा होतो माणसाचा. मी म्हणाले, घोटाळा नाही.

चतुराबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "दोन-अडीच महिने आमी सुनंला तोंडाला येईल ते बोलून राहिलो. अन् तुमी गप होत्या?"

"हो."

"रोजे धरता नं तुमी?"

"हो."

त्यांनी सूप उचललं आणि पुन्हा निवडायला लागल्या. मी तिथे किती वेळ उभी होते ते माहीत नाही. मला कोणी जा म्हटलं नाही. शेवटी भागवत बाहेर आला आणि सगळ्यांदेखत आईला म्हणाला, की कैवल्या तिच्या आईपाशीच राहील, नांदेडच्या शाळेत नाव घालायचं, आणि तोच आठवड्याला येऊन-जाऊन राहील. चतुराबाई मान वर न करता म्हणाल्या, "जाताना सुनंला लुगडं घेऊन जा माझ्याकडून." एवढंच. तो आला असेलच. लुगडं दिलं का नाही, ते विचारत नाही.

पोलिसांचा कागद मला आला आहे. तारीख जुलैची. वकील महेबूब बघतो आहे, मी त्याला सांगितलं की जबाबात लिहिलं त्याहून वेगळं मी काही बोलणार नाही, तेव्हा स्वस्तातला बघ.

शिबिर बंद झालं. संस्थेने त्या जागेवर क्लासला शेड बांधायला परवानगी दिली. पत्रे उतरवताना बघितले. जिल्ह्याच्या स्पर्धा आता मॅटवर, छताखाली घ्यायच्या असं ठरतंय. मुलींना ते मानवेल. त्यांना छताची भीती नाही.

तू लिहिलंस म्हणून हे शेवटचं. फक्त एक काम राहतं. कैवल्या नव्या शाळेत जाईल. तिथे पी.टी.चा तास असेल आणि तिथलं कोणी तिला ओळखत नसेल. तिला सावलीत बसवावं आणि मागेल तेव्हा पाणी द्यावं, असं डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून घे आणि ते त्या सरांच्या किंवा बाईंच्या हातात नेऊन दे. पोच घे. तिला स्वतःला सांगायला लावू नकोस. ती सांगेल, पण आम्ही मुलींचं तोंडी सांगितलेलं ऐकत नाही.

वहिदा